यज्ञ : कुंडातला आणि मनातला

देवळाच्या जीर्णोद्धाराचे काम पुरे होत आले की गावात दोन प्रकारची बोलणी ऐकू येऊ लागतात. वास्तुशांत, होमहवन, प्राणप्रतिष्ठा आणि कलशारोहण हा सर्व विधी यथासांग व्हावा, त्यात कसूर राहू नये, असे वडीलधाऱ्या मंडळींना वाटते. शिकलीसवरलेली तरुण मंडळी विचारतात की, एवढ्या महागाईत डबेच्या डबे तूप अग्नीत ओतून साधते काय? तेच तूप शाळेतल्या पोरांच्या पोटात गेले तर वाईट का? हा प्रश्न काहींना उर्मटपणाचा वाटतो, पण तो तसा नाही. तो आजचा तर मुळीच नाही. अडीच हजार वर्षांपूर्वी यज्ञ करणाऱ्या ऋषींनीच तो आपल्याआपल्यात विचारला होता, आणि त्याचे उत्तर शोधता शोधता यज्ञ हळूहळू कुंडातून माणसाच्या मनात आला. या हकीकतीचा बराचसा भाग पुण्यात आणि पुण्याच्या परिसरात पाहावयास मिळतो. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने ती ग्रामस्थांपुढे व देणगीदारांपुढे मांडणे उचित होईल.

प्रथम यज्ञ म्हणजे काय ते पाहू. कात्यायनाच्या श्रौतसूत्रात यज्ञाला तीन गोष्टी लागतात असे सांगितले आहे : द्रव्य, देवता आणि त्याग. द्रव्य म्हणजे जे द्यावयाचे ते. तूप, दूध, तांदूळ, जव किंवा सोमवल्लीचा रस. देवता म्हणजे ज्याला द्यावयाचे तो. त्याग म्हणजे दिलेल्या वस्तूवरचा आपला हक्क सोडणे. ऋत्विज ‘स्वाहा’ म्हणून आहुती टाकतो आणि त्याच क्षणी यजमान म्हणतो की हे अमुक देवतेचे आहे, ‘न मम’, माझे नाही. हे दोन शब्द म्हटल्याशिवाय आहुती पुरी होत नाही. तूप जळाले म्हणजे यज्ञ झाला असे नसून यजमानाने हक्क सोडला म्हणजे यज्ञ झाला, असा याचा अर्थ आहे. पुढची सारी कथा या दोन शब्दांतून निघाली आहे.

यज्ञ म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे राजेमहाराजे, सोन्याची पात्रे आणि मोठमोठे मंडप येतात. प्रत्यक्षात यज्ञाची हत्यारे पाहिली तर नवल वाटते. पुण्यात १९२८ साली वैदिक संशोधन मंडळ ही संस्था स्थापन झाली. सायणाचार्यांच्या भाष्यासह संपूर्ण ऋग्वेद या संस्थेने छापला, आणि यज्ञविधींची सर्व माहिती एकत्र करणारा ‘श्रौतकोश’ हा ग्रंथराज १९५८ पासून खंडाखंडाने प्रसिद्ध केला. या संस्थेने यज्ञपात्रांचा संग्रहही केला आहे. जुन्या ग्रंथांत यज्ञाची दहा मुख्य आयुधे सांगितली आहेत. त्यांत उखळ आहे, मुसळ आहे, सूप आहे, पाटा आहे आणि वरवंटा आहे. पुरोडाश नावाची जी यज्ञातली पोळी, ती तांदळाची किंवा जवाची, कांडून, पाखडून, वाटून, मातीच्या खापरांवर भाजलेली. आपल्या आजी-पणजीने खापरावर भाकरी टाकली तिच्यापेक्षा ही फार निराळी नव्हे. मोठमोठे श्रौतयज्ञ सोडले तर हा सगळा संसार आपल्या घरचाच आहे. पळीसारखे जुहू आणि स्रुव, अग्नी घुसळून काढण्याच्या अरणी अशा थोड्या वस्तू काय त्या वेगळ्या. भरल्या घरातले स्वयंपाकघर देवाच्या कामी लावावे, असा मूळचा प्रकार दिसतो.

मात्र यज्ञ वाढत गेले तसे ते राजांच्या हाती गेले, आणि त्याची साक्ष आपल्याच जिल्ह्यात आहे. जुन्नरहून कल्याणकडे उतरणाऱ्या जुन्या व्यापारी वाटेवर नाणेघाट आहे. घाटाच्या तोंडाशी कोरलेल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिका हिचा मोठा लेख ब्राह्मी लिपीत व प्राकृत भाषेत कोरला आहे. इ. स. पूर्व पहिल्या शतकाच्या सुमाराचा हा लेख आहे. त्यात अश्वमेधासह अनेक यज्ञांची नावे आहेत आणि प्रत्येक यज्ञाला दक्षिणा किती दिली याची नोंद आहे. गाई, घोडे, हत्ती, वस्त्रे, गावे आणि कार्षापण नावाची नाणी, सगळे आकड्यांनिशी. गाईंचे आकडे तर हजारांत आहेत. सरकारी दप्तरातील खतावणी वाचावी तसा हा लेख वाचावा लागतो. लेख आज बराच झिजला, तुटला आहे, पण आकडे पुष्कळ ठिकाणी शाबूत आहेत. शेजारच्या भिंतीवर राजघराण्यातील मंडळींच्या मूर्ती होत्या. त्यांची नावे वर राहिली आहेत, मूर्तींची मात्र नुसती पावले उरली आहेत.

या लेखातील एक गोष्ट बहुधा लोकांच्या ध्यानात येत नाही. हजारो गाईंचा हिशेब मांडणाऱ्या याच लेखात राणीचे वर्णन आले आहे. ती महिना महिना उपवास करणारी, ब्रह्मचर्याने राहणारी आणि घरात राहूनच तपस्विनी झालेली आहे, असे तिच्याबद्दल म्हटले आहे. म्हणजे दक्षिणा देणारा हात आणि उपवास करणारे पोट एकाच माणसाचे आहे. बाहेरच्या यज्ञाला आतल्या यज्ञाची जोड हवी, ही समज त्या काळी राजवाड्यातही पोचली होती, असे म्हणावयास हरकत नाही.

ही समज आली कोठून? पुष्कळांची अशी कल्पना आहे की वेदात नुसते कर्मकांड होते, आणि बौद्ध-जैनांनी टीका केली तेव्हा आपल्या लोकांना शरम वाटून त्यांनी यज्ञाला आध्यात्मिक अर्थ चिकटवला. ही कल्पना बरोबर नाही. यज्ञ कसा करावा हे सांगणारे जे ब्राह्मणग्रंथ, त्यांतच हा अर्थ आला आहे. पुण्याच्या विद्वानांनी या ग्रंथांवर फार मोठे काम करून ठेवले आहे. भारतरत्न महामहोपाध्याय काणे यांचा धर्मशास्त्राचा प्रचंड इतिहास १९३० ते १९६२ या काळात पुण्याच्या भांडारकर संस्थेने छापला. त्याच्या दुसऱ्या खंडात श्रौतयज्ञांचे जे सविस्तर वर्णन आहे ते वाचले म्हणजे या विधींत किती विचार भरला आहे ते कळते.

सोमयज्ञाच्या आरंभीची दीक्षाच घ्या. यजमानाला एका बंदिस्त झोपडीत बसवतात. अंगावर वस्त्र पांघरतात, खाली काळविटाचे कातडे असते. त्याने मुठी मिटून बसावयाचे. ब्राह्मणग्रंथ स्वच्छ सांगतात की झोपडी हे गर्भाशय, वस्त्र हे गर्भाचे वेष्टन, आणि मुठी मिटलेला यजमान हा पोटातला गर्भ. यज्ञ संपल्यावर तो अवभृथ नावाचे स्नान करतो आणि नवा माणूस म्हणून बाहेर येतो. म्हणजे यज्ञ करून काही मिळवावयाचे यापेक्षा यज्ञ करून आपण दुसरे कोणी तरी व्हावयाचे, हा भाव येथे आहे. जुना माणूस तसाच घरी परत गेला तर स्नान करूनही ओला झाला इतकेच.

पशूच्या बाबतीतली कथाही अशीच विचार करावयास लावणारी आहे. ऐतरेय आणि शतपथ या दोन्ही ब्राह्मणांत ती थोड्याफार फरकाने येते. देवांनी प्रथम माणसाला पशू म्हणून घेतले. त्याच्यातले यज्ञाला योग्य असे जे सत्त्व, ते निघून घोड्यात शिरले. घोडा घेतला तर ते बैलात गेले, बैलातून मेंढीत, मेंढीतून बोकडात आणि बोकडातून जमिनीत. देवांनी जमीन खणली तेव्हा ते भात आणि जव या रूपाने सापडले. पिठाच्या पुरोडाशात म्हणून सगळा पशू आहे असे शतपथ म्हणते. कोरडे पीठ म्हणजे केस, पाणी घातले की कातडी, मळले की मांस, भाजले की हाड, वर तूप सोडले की मज्जा. पशूऐवजी पिठाची पोळी का चालते याचा हा खुलासा आहे. पशू मारण्याची चाल त्यामुळे लगेच बंद झाली नाही, पुढे शेकडो वर्षे वाद चालला. तेराव्या शतकात मध्वाचार्यांनी पिठाचाच पशू करावा असा आग्रह धरला. केरळात पांजाळ येथे एप्रिल १९७५ मध्ये अग्निचयनाचा मोठा यज्ञ झाला, तेव्हा लोकांनी विरोध केल्यावर बोकडांच्या जागी केळीच्या पानात गुंडाळलेले तांदळाच्या पिठाचे पिंड घेण्यात आले. आपल्याकडे होमात कोहळा कापतात, देवाला नारळ फोडतात, ती चाल याच वाटेवरची आहे. काही गावांच्या जत्रेत अजून बोकड पडतो. बोकड बंद केला तर देवी कोपेल, रिवाज मोडेल, अशी भीती जुन्या माणसांना वाटते, आणि त्या भीतीची टवाळी करून काही साधत नाही. पण सत्त्व बोकडातून निघून भातात आले ही गोष्ट खुद्द वेदाने सांगितली आहे, एवढे त्यांच्या कानावर घालावयास हवे.

याहून पुढची पायरी शतपथातच जनक राजा आणि याज्ञवल्क्य यांच्या संवादात आहे. जनक विचारतो, अग्निहोत्र कशाचे? याज्ञवल्क्य सांगतो, दुधाचे. दूध नसेल तर? भाताचे, जवाचे. ते नसेल तर? दुसऱ्या धान्याचे. तेही नसेल तर रानातल्या वनस्पतींचे, त्या नसतील तर झाडाच्या फळांचे, फळे नसतील तर पाण्याचे. आणि पाणीही नसेल तर? तेव्हा याज्ञवल्क्य म्हणतो की मग येथे काहीच नसेल, तरीही श्रद्धेच्या अग्नीत सत्याची आहुती देता येईल. ज्याच्या घरात तुपाचा थेंब नाही अशा माणसालाही यज्ञाचा अधिकार देणारे हे उत्तर आहे. दुष्काळ पाहिलेल्या आपल्या मुलखाला त्याचे मोल निराळे सांगावयास नको. उत्तर ऐकून जनक खूष झाला आणि त्याने याज्ञवल्क्याला बक्षीस काय दिले, तर शंभर गाई! सत्याच्या आहुतीवरचे व्याख्यानही दक्षिणेशिवाय संपले नाही, असे कोणी हसून म्हटले तर त्यास दोष देता येणार नाही.

याच शतपथात अग्निचयनाचे वर्णन आहे. पक्ष्याच्या आकाराची वेदी विटांचे पाच थर देऊन रचावयाची. वर्षाचे मुहूर्त दहा हजार आठशे, म्हणून विटाही तितक्याच मानल्या आहेत. पण पुढे एका ठिकाणी मनाने रचलेल्या छत्तीस हजार अग्नींचा उल्लेख येतो. शंभर वर्षांच्या आयुष्याचे दिवस तेवढेच होतात. रोज उठून मनाची एक वेदी बांधावी असे त्या ऋषींना सुचवायचे आहे. जीर्णोद्धाराच्या कामावर ज्यांनी विटा आणि घमेली डोक्यावरून वाहिली त्यांना हा दाखला लवकर समजेल.

उपनिषदांत तर यज्ञ पुरताच घरात आला. छांदोग्य उपनिषदात माणसाचे सगळे आयुष्य हाच यज्ञ मानला आहे. तहान-भूक सोसणे ही दीक्षा, मरण हे शेवटचे अवभृथ स्नान, आणि दक्षिणा कोणती, तर तप, दान, सरळपणा, अहिंसा आणि सत्य बोलणे. नाणेघाटच्या यादीशेजारी ही यादी ठेवून पाहावी. त्याच उपनिषदात जेवणाचे पहिले पाच घास हे पाच प्राणांना दिलेल्या आहुती आहेत असे सांगितले आहे. जुन्या वळणाच्या घरांत पानाभोवती पाणी फिरवून, चित्राहुती घालून, प्राणाहुती घेऊन मग जेवत, ती चाल येथून आली. शाळेतल्या मुलांना जेवणाआधी जो श्लोक शिकवतात त्यातही नुसते पोट भरणे हे जेवण नव्हे, तो यज्ञ आहे, हाच भाव आहे. ती मुले म्हणतात तो विचार अडीच हजार वर्षांचा आहे हे त्यांना कोणी सांगत नाही.

गीतेच्या चौथ्या अध्यायात यज्ञांचे अनेक प्रकार येतात. कोणी द्रव्याचा यज्ञ करतो, कोणी तपाचा, कोणी योगाचा, कोणी इंद्रियांच्या संयमाचा. त्यांत द्रव्ययज्ञाहून ज्ञानयज्ञ श्रेष्ठ ठरवला आहे. शके १२१२ म्हणजे इ. स. १२९० मध्ये ज्ञानेश्वर महाराजांनी नेवासे येथे हे सारे मराठीत आणले. त्यांनी आपल्या ग्रंथाला शेवटी वाणीचा यज्ञ म्हटले आणि त्याचे दान विश्वात्मक देवापाशी मागितले, हे आळंदीच्या वाटेवर चालणाऱ्या प्रत्येक वारकऱ्यास ठाऊक आहे. ज्या समाजात वेदाचा अक्षरही कानावर पडू द्यावयाचा नाही अशी पुष्कळांवर बंदी होती, त्या समाजात यज्ञाचा गाभा असा मायबोलीत उघडा होणे ही लहान गोष्ट नव्हती.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आतला यज्ञ ग्रंथांत कितीही वाढला तरी व्यवहारात दक्षिणेचे महत्त्व कमी झाले नाही. बुद्धाने कूटदंत ब्राह्मणाला उपदेश केला तो याच कारणाने. जनावरे न मारता, झाडे न तोडता, नोकरांना दमदाटी न करता तूप, तेल, दही यांनी झालेला यज्ञ त्याला सांगितला, आणि त्याहून दान व शील श्रेष्ठ म्हटले. पुण्यात पेशव्यांच्या काळी श्रावणात पर्वतीच्या पायथ्याच्या रमण्यात ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. सेनापती दाभाड्यांनी तळेगावी सुरू केलेली ही चाल पुण्यात फार मोठी झाली. पेशवाई गेल्यावर या दक्षिणेच्या पैशातून १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. पुढे सुधारकांच्या मागणीवरून त्यातला काही भाग चांगल्या मराठी ग्रंथांना बक्षिसे देण्याकडे वळला. तूप पोरांच्या पोटात का जाऊ नये, या आजच्या प्रश्नाला पुण्याने तेव्हाच असे एक उत्तर देऊन ठेवले आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली याच शहरात सत्यशोधक समाज स्थापन केला आणि भटशाहीच्या विधींवर कडक प्रहार केले. त्यांचे शब्द झोंबतात. पण ज्या यज्ञात यजमान कुणबी, तूप त्याचे, घाम त्याचा, आणि मंत्राचा अर्थ मात्र त्याला सांगावयाचा नाही, त्या यज्ञात ‘न मम’ कोण कोणाला म्हणत होते, हा त्यांचा प्रश्न चुकीचा होता असे आज कोण म्हणेल?

लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेले ‘गीतारहस्य’ १९१५ साली पुण्यात प्रसिद्ध झाले. फळाची आशा सोडून लोकांच्या कल्याणासाठी केलेले कर्म तेच यज्ञ, असा त्यांचा रोख आहे. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. त्यांत विनोबांनी यज्ञ, दान आणि तप यांचा फार सोपा अर्थ केला आहे. आपण सृष्टीला वापरून झिजवतो, ती झीज भरून काढणे हा यज्ञ. समाजाचे ऋण फेडणे हे दान. शरीरात साठणारा दोष काढणे हे तप. शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. पीक घेतले की शेणखत घालावे लागते, विहीर उपसली की गाळ काढावा लागतो, आणि देऊळ दोनशे पावसाळे वापरले की त्याचा जीर्णोद्धार करावा लागतो.

इकडे जुन्या पद्धतीचा यज्ञही सर्वस्वी बंद पडला नाही. १९५५ साली खुद्द पुण्यात वाजपेय हा सोमयज्ञ करण्यात आला. जुने विधी जतन करावेत, ते प्रत्यक्ष कसे होत हे अभ्यासकांना दिसावे, यात गैर काही नाही. आकृती राहिली तर अर्थ पुन्हा शोधता येतो, आकृतीच गेली तर तेवढाही आधार उरत नाही.

शेवटी देणगीविषयी. अशा स्मरणिकेत देणगीदारांची यादी असतेच, आणि देवळाच्या भिंतीवर नावांची फरशी बसते. ही चाल जुनी आहे. मावळातील कार्ले येथील चैत्यगृहात खांब कोणी दिले त्यांची नावे त्या त्या खांबांवर कोरली आहेत. त्यांत यवन म्हणजे परदेशी मंडळी आहेत, तसा दाराचे काम देणारा एक सुतारही आहे. यादी ठेवणे वाईट नव्हे. सार्वजनिक पैशाची पावती फाडली पाहिजे आणि हिशेब चोख राहिला पाहिजे, नाही तर पुढच्या पिढीत भांडणे होतात. परंतु यादी हा हिशेबाचा भाग आहे आणि ‘न मम’ हा मनाचा भाग आहे. देणगी देऊन झाल्यावर, आमचे नाव वरच्या ओळीत का नाही, आमच्या भावकीला पहिला मान का नाही, अशी तक्रार उद्भवली की द्रव्य देवाकडे गेले, देवताही तीच राहिली, फक्त तीनपैकी तिसरी गोष्ट घडावयाची राहून गेली. उलट ज्या म्हातारीने मूठभर तांदूळ आणून ठेवले आणि नाव न सांगता निघून गेली, किंवा ज्या पोरांनी सुटीच्या दिवशी दगड वाहिले, त्यांची नावे फरशीवर नसली तरी त्यांची आहुती पुरी झाली आहे.

कलशारोहणाच्या दिवशी होमाची पूर्णाहुती होते. यजमान जोडपे उभे राहते, नारळ व तूप अग्नीत पडते, गुरुजी मंत्र सांगतात आणि यजमान त्यांच्या मागून म्हणतो. सनई-चौघडा आणि जयघोष इतका चाललेला असतो की ‘न मम’ हे शब्द मागे उभ्या असलेल्या मंडळींना बहुधा ऐकू येत नाहीत. गुरुजींनी त्या वेळी क्षणभर वाद्ये थांबवून त्यांचा अर्थ मराठीत सांगितला तर विधीत काही उणे येणार नाही.